पाण्याला आलेलं पीक

आमचे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख मे महिन्यातही टाय बांधून यायचे आणि पायांत रबरी स्लीपर घालायचे. टाय कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मी मशीनवर काम केलेला माणूस आहे." स्लीपर कशाला, हे कुणी विचारत नसे. मशीनचं नाव निघालं की पुढचा तास गेला, हे सगळ्यांना माहीत होतं.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या सुमाराला मी त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. कळमनुरीकडच्या आमच्या वस्तीतली, विहाराशेजारच्या घरातली मी पहिली एम.एस्सी. दर जूनमध्ये नवी ऑर्डर मिळायची आणि ती मिळणं न मिळणं सरांच्या एका सहीवर होतं. सरांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "अहो तासिका, जरा इकडे या," असं ते खुशाल वर्गादेखत म्हणायचे. मी जायची.

मशीन म्हणजे एन.एम.आर., पदार्थातले रेणू ओळखणारं यंत्र. सरांनी परराज्यातल्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी. केली तेव्हा त्या मशीनवर त्यांना काही महिने काम करायला मिळालं होतं. त्या महिन्यांवर त्यांनी उरलेली सगळी नोकरी रेटली. एक मात्र कबूल करते. पहिल्या दिवशी त्यांनी मला ते प्रकरण समजावून सांगितलं, तेव्हा मी भारावून गेले होते.

"दुधात, पाल्यात, लघवीत, सगळीकडे नायट्रोजन असलेले रेणू असतात," ते म्हणाले होते. "पण गर्दी इतकी की एकेकाला ओळखायचं कसं? मी काय करतो, त्या रेणूच्या पायात फ्लोरिनचं घुंगरू बांधतो. दुधात मुळात फ्लोरिन नसल्यातच जमा. मग मशीनला सांगायचं, बाबा रे, तू फक्त घुंगरं ऐक. ज्याच्या पायात घुंगरू, तोच वाजणार. आणि प्रत्येकाच्या पायात ते जरा वेगळं वाजतं. त्या आवाजावरून ओळखायचं, हा अमुक, हा तमुक."

तो आवाज म्हणजे कागदावरची एक उभी रेघ. तिला इंग्रजीत पीक म्हणतात, आणि सर दिवसातून पन्नासदा तो शब्द उच्चारायचे. आमचे शिपाई, माळी, वॉचमन सगळे शेतकरी. "सरायला पीक आलं म्हनं," एक म्हणायचा. "किती एकरात?" दुसरा विचारायचा. पोरांनी त्यांचं नावच 'पीकवाले सर' ठेवलं होतं.

कल्पना खरी होती, सुंदर होती. जगात हुशार माणसं त्यावर काम करत होती. म्हणूनच तिची आमच्याकडे जी विटंबना झाली, तिचा मला अजून राग येतो.

घुंगराची बाटली सरांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात असायची. किल्ली सरांच्या खिशात. त्या द्रवाचं आणि पाण्याचं हाडवैर. हवेतली ओल लागली तरी तो फुटतो आणि त्याचं आम्ल होतं. त्या आम्लातही फ्लोरिन असतंच. म्हणजे कुणाच्याच पायात न बांधलेलं मोकळं घुंगरू. तेही मशीनला ऐकू जातं. त्यामुळे बाटली घट्ट बंद ठेवायची, नमुना आधी नीट कोरडा करायचा, हे त्या कामातलं पहिलं पथ्य. सर काय करायचे? कुणी पाहुणा आला, संस्थेचा सदस्य आला, लग्नाची पत्रिका द्यायला कुणी आला, की कपाट उघडून बाटलीचं बूच काढायचे. ओलसर हवेत त्यातून पांढरा धूर निघायचा. "बघितलंत?" सर म्हणायचे. पाहुणा खोकत खोकत बघितलं म्हणायचा.

नमुना कोरडा करायला वेळ लागतो, म्हणून तेही ते करत नसत. नमुना गाळून निघालेल्या निवळीत बाटलीतले दोन थेंब टाकायचे, नळीला बूच मारायचं, झालं. मग आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सगळे मामू म्हणायचे, ते बर्फाच्या थर्मासात त्या नळ्या घेऊन वारंगा फाट्यावर जायचे आणि हैदराबादच्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायचे. हैदराबादला सरांचा मेहुणा अशा एका मशीनवर नोकरीला होता. दोन-तीन आठवड्यांनी पोस्टानं रेघोट्यांचा कागद यायचा. त्या दिवशी सर वर्ग घेत नसत. तो कागद हातात धरून स्टाफरूममध्ये, ऑफिसात, कॅन्टीनमध्ये फिरायचे.

मी एकदा विचारलं होतं, "सर, सोबत एक कोरा नमुना पाठवायचा का? काहीच नसलेला? म्हणजे नुसत्या औषधाची रेघ कुठं येते ते कळेल."

सर माझ्याकडे बघून हसले. "रिकाम्या गोठ्यात म्हैस शोधता काय, तासिका?"

स्टाफरूम हसली. मीही हसल्यासारखं केलं. ऑर्डर जूनमध्ये निघायची होती.

एवढ्यावर राहिलं असतं तर सर आमच्या गावातली एक गंमत म्हणून राहिले असते. पण त्या वर्षी पोळ्याच्या आसपास दूध संकलन केंद्राचे चेअरमन केबिनमध्ये आले. हे आमच्या संस्थेवरही होते. केंद्राचं दूध वरच्या शीतकरण केंद्रानं दोनदा परत पाठवलं होतं. दुधात यूरिया आहे, असा शेरा होता. पाणी घातलं की दूध पातळ लागतं, आणि ते लागू नये म्हणून लोक यूरिया टाकतात. हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत होतं.

"सर, कोण करून राहिलं ते बराबर शोधून द्या," चेअरमन म्हणाले आणि टेबलावर एक बाटली ठेवली. "आमचा डाऊट हिच्यावर हाय. तांड्यावरची जमनाबाई."

"एकच नमुना?" मी विचारलं.

"चोर सापडला की बाकीच्यांचा कशाला?" सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. यूरियात नायट्रोजन असतो, आणि त्यांच्या घुंगराला प्रथमच गावकीचं काम मिळालं होतं.

दूध फाडून, गाळून निवळी काढायचं काम माझं. ती मी काढली. सरांनी त्यात दोन थेंब टाकले. मामू फाट्यावर गेले. कागद आला, त्यावर एक उंच रेघ होती. सरांनी अहवाल सांगितला आणि मी तो लिहून घेतला, कारण माझं अक्षर चांगलं होतं. 'सदर नमुन्यात नत्रयुक्त भेसळ निर्विवादपणे सिद्ध होत आहे.' खाली सरांची सही, सहीखाली पदव्यांच्या दोन ओळी. निर्विवादपणे हा शब्द लिहिताना माझा हात थांबला होता. पण मी तो लिहिला.

चार दिवसांनी जमनाबाई प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. चाळिशीची, उंच, काटक बाई. हातात अहवालाची झेरॉक्स होती. आदल्या दिवशी केंद्रावर सगळ्यांसमोर तिची किटली नालीत ओतली होती, हे मला मामूंनी सांगितलं होतं.

"बाई, मला वाचता येत न्हाई. माझ्या पोरीनं वाचलं," ती म्हणाली. "माझ्या दुधात काय घावलं म्हनं?"

मी काहीतरी सांगायला लागले. मशीन, रेघ, नत्र. ती ऐकत होती. मग तिनं कागद माझ्यापुढे धरला.

"हे अक्षर कुनाचं हाय?"

"माझं."

"तुमी सोताच्या डोळ्यानं बघितला व्हय यूरिया?"

मी टेबलावरच्या नळ्या उगाच सरकवल्या.

"मी दोन म्हशी पाळते, बाई. पहाटं उठून चारा आनते. दुधात पानी घालायचं असतं तर इतकी तकलीफ काहून घेतली असती? तांड्यावरचे बाकीचे लोक मला आता इचारून राहिलेत, तुझ्यामुळं आमचंबी दूध बंद करतेत का म्हनून." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी शिकलेल्या हाव. तुमी लिव्हलं म्हंजे ते खरंच झालं की."

ती गेली. मी कपाटातली जुनी फाईल काढली. सरांचे आजवरचे सगळे कागद त्यात होते: तुरीचा पाला, मासळीचं पाणी, कुणाची तरी लघवी, धोत्र्याचं बी. जमनाबाईच्या दुधाचा कागद मी खिडकीच्या काचेवर धरला, त्यावर तुरीचा पाला धरला. दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या. त्यावर मासळी धरली. तीही तिथंच. एकेक करत सगळे कागद लावून बघितले. रेघ केसभर हलत नव्हती. प्रत्येकाच्या पायात घुंगरू वेगळं वाजतं, असं सरांनीच मला शिकवलं होतं. इथं पाला, मासळी आणि दूध सगळे एकाच आवाजात वाजत होते. म्हणजे घुंगरू कुणाच्याच पायात नव्हतं. एवढी वर्षं सर स्वतःच्याच बाटलीतल्या आम्लाची रेघ जगाला दाखवत होते.

मामू बाजूला काचसामान धूत होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मुझे तो कब से शक था," ते म्हणाले. "हर बार एकच फोटो आता है."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम बोले?" त्यांनी विचारलं आणि पुन्हा चंबू घासायला लागले.

सरांशी मी तेव्हा पहिल्यांदा खोटं बोलले. चेअरमननी आणखी तीन नमुने पाठवलेत, म्हणून सांगितलं. एक नंबरचं दूध सरांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातलं होतं. वहिनींकडे मी विरजणाला म्हणून मागितलं होतं. सरांकडे दूध केंद्रावरूनच जायचं. तीन नंबर जमनाबाईचं, तांड्यावर जाऊन माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं. आणि दोन नंबरच्या नळीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर. दुधाची निवळी जरा पिवळसर असते, पाणी स्वच्छ. बघणाऱ्याला कळलं असतं. पण सर बघणारे नव्हते, दाखवणारे होते. त्यांनी तिन्ही नळ्यांत दोन-दोन थेंब टाकले आणि शीळ घालत बाटली कपाटात ठेवली.

कागद आले त्या दिवशी सरांनी स्वतःच चेअरमनना निरोप पाठवला की उद्या सकाळी केंद्रावर सगळ्यांना जमवा, मी जाहीर वाचन करतो. मला वाटलं होतं, केबिनमध्ये दार लावून त्यांना सांगावं. खरंच सांगणार होते. पण ते म्हणाले, "तासिका, उद्या फाईल घेऊन माझ्या मागे उभ्या राहा." आणि मी ठरवलं की उभी राहते.

सकाळी केंद्राच्या पत्र्याखाली तीस-चाळीस लोक होते. जमनाबाई तांड्यावरच्या दोघा बायांबरोबर कडेला उभी होती. मी तिला ताजं दूध घेऊन यायला सांगितलं होतं. सरांची किटली घेऊन त्यांचा घरगडी नेहमीसारखा आला होता आणि केंद्राच्या मोठ्या कॅनमधून त्याला दूध मोजून मिळालं होतं.

सरांनी टाय सारखा केला. घुंगराची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मग कागद उंच धरले.

"तिन्ही नमुने दोषी! एक नंबर, भेसळ. तीन नंबर, भेसळ. आणि हा दोन नंबर बघा." त्यांनी बोट ठेवलं. "काय हे पीक! सगळ्यात उंच. हा इसम अट्टल आहे. चेअरमनसाहेब, याला मी तर म्हणतो पोलिसात द्या."

"कोण हाय दोन नंबर?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी तोंड उघडण्याआधी मामू पुढे झाले. "साब," ते अदबीनं म्हणाले, "वो तो पानी है."

"काय?"

"डिस्टिल वाटर, साब. मैं खुद भर के दिया."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एका म्हाताऱ्यानं, "पान्याला पीक आलं का?" असं विचारलं आणि पत्र्याखाली जो हशा उसळला तो थांबेना. सर माझ्याकडे वळले.

"एक नंबर कुणाचं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तुमच्या घरचं, सर."

त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. त्यात लाज नव्हती. चूक कुठं झाली, असा प्रश्नही नव्हता. कुणीतरी आपल्या पाठीमागून आपली वस्तू उचलून नेली, असा तो चेहरा होता. "ही तासिका तत्त्वावरची बाई आहे," ते लोकांना सांगायला लागले. "हिला मशीनचं ज्ञान नाही. हिनं नमुने दूषित केले."

तेवढ्यात जमनाबाई पुढे आली. ती हसत नव्हती.

"ते मशीन ऱ्हाऊ द्या," ती मला म्हणाली. "पान्यातबी तेच अन् दुधातबी तेच. मंग माझं दूध चांगलं का वाईट, हे कुनी सांगावं?"

बरोबर होतं तिचं. सरांचा कागद खोटा ठरला म्हणून तिचं दूध खरं ठरत नव्हतं. मी पिशवीतून सोयाबीनच्या पिठाची पुडी काढली. आमच्या जिल्ह्यात सोयाबीनला तोटा नाही. सोयाबीनच्या पिठानं यूरिया फुटतो आणि त्याचा अमोनिया होतो. त्यात तांबडा लिटमस कागद बुडवला की तो निळा पडतो. दुधात निसर्गतःच थोडा यूरिया असतो, त्यानं रंग नावापुरताच बदलतो. वरून घातलेला असेल तर चांगलाच. अकरावीची पोरं करतील असा प्रयोग.

तीन नळ्या घेतल्या. एकीत पाणी, एकीत जमनाबाईचं त्या सकाळचं दूध, एकीत सरांच्या किटलीतलं. चिमूट-चिमूट पीठ टाकून हलवलं आणि पाच मिनिटं थांबलो. मग मी कागद बुडवले. पाण्यातला तांबडाच राहिला. जमनाबाईचाही जवळजवळ तांबडा. सरांच्या किटलीतला कागद बघता बघता गर्द निळा झाला.

"हे दूध आत्ता कुठून घेतलंय?" मी घरगड्याला विचारलं.

त्यानं केंद्राच्या मोठ्या कॅनकडे बोट दाखवलं.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या, मग चेअरमनकडे. जमनाबाईचं दूध तर केंद्रानं केव्हाच बंद केलं होतं, तरी कॅनमध्ये यूरिया होताच. दूध घालणाऱ्यांचं दूध या कॅनमध्ये पडल्यावर पुढं काय होतं, हे आता कुणाला समजावून सांगायची गरज राहिली नव्हती. चेअरमन म्हणाले, "चौकशी करू." सर म्हणाले, "मला प्रॅक्टिकल आहे," आणि निघाले. जाताना त्यांनी कागदांची गुंडाळी बरोबर नेली.

चौकशी झाली ती अशी: कॅन धुणाऱ्या माणसाला काढून टाकलं आणि चेअरमन चेअरमनच राहिले. जमनाबाईला निरोप गेला की उद्यापासून दूध आणा. ती गेली नाही. तिनं फाट्यावरच्या दोन हॉटेलांना रतीब लावला आणि हळूहळू तांड्यावरचे आणखी काही जण तिच्याबरोबर जायला लागले. जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली नाही. मामूंची बदली वाचनालयात झाली. सर पुढं प्राचार्य झाले.

मी दोन वर्षं इकडेतिकडे खासगी शिकवण्या घेतल्या आणि मग एका कनिष्ठ महाविद्यालयात कायम झाले. सात-आठ वर्षांनी हिंगोलीला विज्ञान शिक्षकांचं एक शिबिर होतं. उद्‌घाटक म्हणून सर आले. टाय होता, पायात आता बूट होते. मी मागच्या रांगेत बसले.

भाषणाचा विषय होता, प्रयोगातली शिस्त. सर छान बोलत होते. "संशोधकानं स्वतःवर संशय घ्यावा," ते म्हणाले. "मी एकदा दुधाच्या नमुन्यांत मुद्दाम, कुणालाही न सांगता, नुसतं पाणी पाठवलं होतं. आणि काय आश्चर्य! पाण्यालाही पीक! मी भर सभेत उभं राहून सांगितलं, माझा निष्कर्ष चुकीचा आहे. एका गरीब बाईची अब्रू वाचली. माझ्या सहायकांना तर घाम फुटला होता." शिक्षक भराभरा लिहून घेत होते. कोरा नमुना किती महत्त्वाचा, याखाली माझ्या शेजारच्या तरुण शिक्षिकेनं दोनदा रेघ ओढली. टाळ्या पडल्या. तिनं माझ्याकडे बघितलं, तुम्ही का नाही वाजवत, अशा नजरेनं.

उभं राहावं, असं मनात आलं. एवढ्या लोकांत मामूंचं नाव घ्यावं. पण ते सगळं सांगायला सुरुवात कुठून करायची, या विचारात आभाराचा ठराव झाला आणि लोक चहाला उठले.

सर माझ्याच दिशेनं आले. ओळखतील, असं वाटलं नव्हतं. पण त्यांनी ओळखलं आणि अगदी मोकळेपणानं हसले. त्यांना काहीच खोटं वाटत नव्हतं, हे तेव्हा मला कळलं. त्यांच्या दृष्टीनं ते सगळं त्यांनी सांगितलं तसंच घडलं होतं.

"बरं झालं भेटलात," ते कपात बिस्किट बुडवत म्हणाले. "मी या विषयावर एक छोटं पुस्तक लिहितोय. सगळं आठवतं, पण त्या तांड्यावरच्या बाईचं नावच आठवत नाही. काय होतं हो?"

"मला नाही माहीत, सर," मी म्हणाले, आणि कप टेबलावर ठेवून बसस्टँडकडे चालायला लागले.